गॉथिक इमारतींतली कोरीव पानं: पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, कॅथीड्रलमध्ये (बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये) पाऊल टाकलं की नजर आधी उंचीकडे जाते, मग रंगीत काचांकडे. खांबांच्या माथ्यावर, कमानींच्या कडेने, शिखरांच्या धारेवर कोरलेली पानं दिसतात, पण ‘छान नक्षी आहे’ एवढं म्हणून आपण पुढे जातो. माझं म्हणणं असं, की नवख्या माणसाने गॉथिक समजून घ्यायला सुरुवात पानांपासूनच करावी. पान समजायला लॅटिन यावं लागत नाही, बायबलमधल्या कथा पाठ असाव्या लागत नाहीत. इमारत साधारण कधीची, दगड कसला, नंतर दुरुस्ती कुठे झाली, यातलं बरंच काही एका पानावरून कळू शकतं.

फक्त क्रम सांभाळा. बहुतेक लोक ‘हे कोणत्या झाडाचं पान?’ असं विचारत सुरुवात करतात. तो प्रश्न चौथ्या पायरीवर येतो. आधीचे तीन प्रश्न सोडून तिथे उडी मारली, तर झाडाचं नाव मिळतं आणि शिल्प हातचं निसटतं.

बरोबर काय घ्यायचं

आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण, एक मऊ पेन्सिल, कोऱ्या कागदांची वही आणि छोटी टॉर्च. टॉर्च वापरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि प्रार्थना चालू असेल तर ती खिशातच राहू द्या. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोवर विसंबू नका. समोरून पडलेला प्रकाश कोरीव कामातली सगळी खोली पुसून टाकतो. प्रकाश बाजूने, दगडाला घासून गेला पाहिजे. खिडकीतून तिरपं ऊन आत येतं त्या वेळी गेलात तर टॉर्चचीही गरज पडत नाही.

पहिली पायरी: पान तिथे काय काम करतंय?

खांबापासून सुरुवात करू. खांब गोल असतो. त्याच्यावर कमानींचा भार घेणारा सपाट दगड असतो, तो पुष्कळदा चौकोनी किंवा अष्टकोनी. गोलावर चौकोन ठेवला की चार कोपरे बाहेर अधांतरी राहतात. स्तंभशीर्षाचा दगड हा गोल ते चौकोन असा प्रवास करून देतो, आणि अवघड जागा नेमक्या त्या कोपऱ्यांखाली असतात. आता दुर्बीण लावून पाहा: सर्वांत जाड, सर्वांत पुढे आलेलं, टोकाशी आकड्यासारखं वळलेलं पान कोपऱ्याखालीच सापडेल. या वळलेल्या पानाला क्रॉकेट म्हणतात.

ही युक्ती गॉथिक पाथरवटांनी शोधलेली नाही. ग्रीक आणि रोमन कोरिंथियन शैलीच्या स्तंभशीर्षावर अकँथस या भूमध्य प्रदेशातल्या झुडपाची काटेरी पानं आणि कोपऱ्यांवरची वेटोळी हेच काम करतात. गॉथिकने हा वारसा उचलला आणि हळूहळू त्यातलं अकँथस काढून टाकलं.

बाहेर आलात की काम बदलतं. शिखरांच्या आणि त्रिकोणी माथ्यांच्या धारेवर ठरावीक अंतराने क्रॉकेट बसवलेले असतात आणि टोकावर पानांचाच तुरा, म्हणजे फिनियल. इथे भाराचा प्रश्न नसतो, आकाशावर उमटणाऱ्या रेषेचा असतो. सरळ धार दुरून बोथट दिसते, क्रॉकेटमुळे ती जिवंत होते. म्हणून ही पानं जवळून ओबडधोबड आणि अवाढव्य असतात. कोलोनच्या कॅथीड्रलचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत, त्यांच्या टोकावरचा तुरा खालून तळहाताएवढा वाटतो. कॅथीड्रलसमोरच त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती ठेवलेली आहे, सुमारे साडेनऊ मीटर उंच. जर्मनीत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी आत शिरण्याआधी तिच्या शेजारी उभं राहून पाहावं. उंचीप्रमाणे कोरण्याची भाषा कशी बदलते हे तिथे आपोआप कळतं.

क्रॉकेट दगडाचाच असतो असंही नाही. पॅरिसच्या नोत्र दामचा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळलेला मधला सुळका लाकडी होता, वर शिशाचं आवरण होतं आणि धारेवरची पानंही शिशाची होती. तो आता होता तसाच पुन्हा उभा केला आहे.

दुसरी पायरी: देठ कुठून फुटतो?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. पानाच्या टोकाकडे पाहू नका. टोकापासून मागे या, देठ धरून खाली उतरा आणि तो दगडाला कुठे मिळतो ते शोधा.

इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलमध्ये हे करून पाहा. बाराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेल्या या इमारतीत खांबाच्या माथ्यावरून देठ सरळ, ताठ वर चढतात. ते दगडावर ठेवलेले नाहीत, दगडाच्याच शिरा वर आल्यासारखे आहेत. वर पोहोचल्यावर ते जाड, तीन पाळ्यांच्या पानांच्या झुपक्यात फुटतात आणि वाऱ्याने एका बाजूला झुकल्यासारखे वळतात. इंग्रजी अभ्यासक या प्रकाराला स्टिफ लीफ म्हणतात. हे पान कोणत्याही झाडाचं नाही. ते कोणत्या झाडाचं, हे विचारणंच चूक. तिथल्या दक्षिण बाजूच्या खांबांवर पानांच्या आत माणसंही आहेत: पायातला काटा काढणारा, दाढदुखीने तोंड वाकडं केलेला, फळं चोरताना पकडलेले चोर. पानं त्यांना जागा करून देण्यासाठी बाजूला सरकतात, आणि तरीही त्यांचे देठ तुटत नाहीत. मला वेल्सची पानं सगळ्यांत जास्त आवडतात ती यामुळे.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोरलेलं, इंग्लंडमधल्याच साउथवेल मिन्स्टर या मोठ्या चर्चमधलं काम पाहिलं की देठाचं उत्तर पूर्ण बदललेलं दिसतं. तिथे खऱ्या झाडाची डहाळी तोडून आणून स्तंभशीर्षाभोवती गुंडाळली आहे असं वाटतं. पानांच्या मागे घंटेच्या आकाराचा साधा दगड उघडा दिसतो. पान आणि दगड या दोन वेगळ्या वस्तू झाल्या आहेत.

तिसरं उत्तर चौदाव्या शतकात मिळतं. देठ जवळपास हरवतो. फुगीर, लाटांसारखी उठलेली पानं एकमेकांत मिसळून मागचा दगड पूर्ण झाकून टाकतात.

देठ दगडाचा भाग आहे, दगडावर ठेवलेला आहे, की दिसतच नाही? वहीत प्रत्येक पानासाठी पहिली नोंद हीच करा.

तिसरी पायरी: काळाचा अंदाज

पॅरिसजवळच्या साँ दनीच्या मठाचा नवा पूर्वभाग ११४४ मध्ये पूर्ण झाला, आणि गॉथिकची सुरुवात सर्वसाधारणपणे तिथून धरतात. तिथल्या पानांत अजून अकँथसची आठवण आहे. नोत्र दामचं काम ११६३ च्या सुमारास सुरू झालं. पुढच्या काही दशकांत फ्रान्समध्ये गुळगुळीत, घट्ट मिटलेल्या क्रॉकेटची स्तंभशीर्षं सर्वत्र पसरली. एकोणिसाव्या शतकात नोत्र दामची दुरुस्ती करणारे व्हियोले-ल-द्युक यांनी एक निरीक्षण मांडलं, जे नवख्या माणसाला आजही कामाला येतं: सुरुवातीच्या गॉथिकमध्ये पान अंकुरासारखं मिटलेलं असतं, मग ते उलगडतं, आणि शेवटी पूर्ण वाढून सुरकुततं. नियम म्हणून ते ढिलं आहे, पण डोळ्यांना वळण लावायला उत्तम.

उलगडलेल्या, ओळखता येणाऱ्या पानांचा काळ फ्रान्समध्ये तेराव्या शतकाच्या मध्याला येतो. रीम्सचं कॅथीड्रल १२११ मध्ये सुरू झालं. त्याच्या सभामंडपातल्या खांबांवर द्राक्षवेल आहे, आणि एका स्तंभशीर्षावर तर द्राक्षांची तोडणीच चालली आहे. पॅरिसची सेंट शापेल १२४८ ची, तिथली पानंही पाहण्याजोगी आहेत. जर्मनीतल्या नाउम्बुर्ग कॅथीड्रलचा पश्चिम भाग त्याच शतकाच्या मध्याचा. तिथले दानशूर सरदार-सरदारणींचे पुतळे जगप्रसिद्ध आहेत, आणि पर्यटक पुतळे पाहून परत फिरतात. तुम्ही फिरू नका, तिथल्या पानांसाठी वेगळा वेळ काढा. इंग्लंडमध्ये हीच लाट थोडी उशिरा, शतकाच्या शेवटच्या दशकांत आली.

कुठेही पाहा, खऱ्या पानांचा हा काळ छोटा आहे, एखाद-दोन पिढ्यांचा. नंतर पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये कुरळ्या कोबीची आणि काटेरी थिसलची पानं येतात, खोल कातरलेली, टोकदार, अस्वस्थ.

मध्येच पाथरवटांना खरी पानं का हवीशी वाटली, यावर अनेक मतं आहेत. त्याच शतकात अल्बर्टस मॅग्नससारखा धर्मपंडित वनस्पतींचं बारकाईने वर्णन करत होता, तेव्हा निसर्गाकडे पाहण्याची हवा होतीच. पण मला वाटतं, कौशल्याचाही यात हात आहे. पानामागचा दगड पोखरून पान सुटं करण्याचं तंत्र एकदा हातात आल्यावर, जाड काल्पनिक पानात ते दाखवता येत नाही. त्यासाठी पातळ, खरं पानच हवं.

चौथी पायरी: आता झाडाचं नाव

यासाठी साउथवेलसारखी शाळा नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमधलं हे छोटं गाव. तिथल्या मिन्स्टरला लागून धर्मगुरूंच्या सभेसाठी बांधलेलं अष्टकोनी दालन आहे, चॅप्टर हाऊस. मध्ये एकही खांब न ठेवता त्यावर दगडी छत पेललं आहे. काम तेराव्या शतकाच्या शेवटाचं, दगड जवळच्या मॅन्सफील्डचा फिकट चुनखडक. दारापासून भिंतीलगतच्या आसनांपर्यंत सगळीकडे पानं आहेत, आणि बरीचशी डोळ्यांच्या उंचीवर. दुर्बीण इथे पिशवीतच राहते.

आपल्याकडच्या माणसाला यातली बरीच झाडं अनोळखी, त्यामुळे खुणा सांगतो. ओकच्या पानाची कड गोलाकार पाळ्यांची असते, टोकं कुठेच नसतात, आणि शेजारी वाटीत बसलेलं फळ हमखास असतं. साउथवेलला ही फळं खाणारी डुकरंही कोरली आहेत. मेपलला पाच बोथट पाळ्या, आणि फळाला दोन पंख. हॉथॉर्नचं पान लहान, खोल चिरलेलं, सोबत गोल फळांचे घोस, काही ठिकाणी काटे. बटरकपचं पान बारीक बारीक फाटत गेलेलं असतं. पाच सुट्या पर्णिका एका बिंदूतून निघाल्या असतील तर पोटेंटिला नावाचं रानफूल. पर्णिका देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आणि एक टोकाला असेल तर गुलाब.

फसगत होते ती वेलींमध्ये. द्राक्ष, हॉप, आयव्ही आणि ब्रायनी, चौघांचीही पानं हाताच्या पंजासारखी. इथे नाशिक-सांगलीकडच्या वाचकाला आघाडी आहे, कारण द्राक्षाचं पान त्याने बागेत पाहिलेलं असतं: दातेरी कड आणि पानाच्या समोरच्या बाजूने निघणारा, टोकाशी दुभंगलेला ताणा. ब्रायनीचा ताणा दुभंगत नाही, तो एकटाच स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो. हॉपला ताणा नसतोच, त्याचं खोडच आधाराला पीळ घालतं, आणि फळं कागदी खवल्यांच्या छोट्या शंकूसारखी लोंबतात. आयव्हीच्या कडेला दाते नसतात. म्हणजे वेल दिसली की पानाआधी ताणा पाहा, मग फळ, मग कड. याच क्रमाने.

पानांतून माणसाचा चेहरा डोकावत असेल, तोंडातून किंवा कपाळातून डहाळ्या फुटत असतील, तर त्याला ग्रीन मॅन म्हणतात. हे नाव १९३९ मध्ये लेडी रॅगलन यांनी रूढ केलं, मध्ययुगातलं नाही. त्यामुळे ‘हा प्राचीन वनदेव’ असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर सावध राहा. पानांचे चेहरे मात्र जुने आहेतच, तेराव्या शतकातल्या व्हियार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या रेखाटनांच्या वहीतही ते सापडतात.

झाड ओळखता आलं नाही तर जबरदस्तीने नाव चिकटवू नका. ‘पाच पाळ्या, दातेरी, फळ नाही’ ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगली.

पाचवी पायरी: हात कुणाचा, आणि जुना की नवा?

एकाच दालनातली दोन ओकची पानं शेजारी ठेवून पाहा. एकात मधली शीर धारदार उचललेली, दुसऱ्यात खोबणीसारखी आत गेलेली. एक कारागीर पानाची कड वर वळवतो, दुसरा खाली. अशा सवयी टिपत गेलात तर एका दिवसात तुम्हाला दोन-तीन वेगळे हात ओळखता येतील. नावं कळणार नाहीत. बहुतेक ठिकाणी ती नोंदलेलीच नाहीत.

दुरुस्ती ओळखण्यासाठी कड पाहा. सातशे वर्षांच्या पानाची धार कुठेतरी झिजलेली, टवका उडालेली असते. सगळी पानं सारखीच धारदार, सगळ्यांची खोली एकसारखी, दगडाचा रंग शेजाऱ्यापेक्षा वेगळा आणि सांधा अगदी सरळ, असं दिसलं तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं काम. बाहेरच्या बाजूला तर अस्सल पान हाच अपवाद समजा. पोखरलेल्या खाचांत टॉर्च टाकलीत तर कधी कधी लाल किंवा हिरव्या रंगाचे कण दिसतात. ही पानं पुष्कळदा रंगवलेली असत.

मुंबईत सराव

युरोपला जाणं प्रत्येकाला जमत नाही, पण मुंबईत नवगॉथिकचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पुन्हा उचललेल्या गॉथिक शैलीचा, खजिना आहे आणि तो पानांनी भरलेला आहे. यामागची परंपरा थोडक्यात अशी. इंग्लंडमध्ये १८६० मध्ये उघडलेल्या ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ओशे बंधू नावाचे आयरिश कारागीर बागेतून आणलेली ताजी रोपं समोर ठेवून स्तंभशीर्षं कोरत होते. कारागिराला मोकळं सोडा आणि खरं पान पाहून कोरू द्या, हा त्या काळचा आग्रह होता. त्याच वातावरणातून आलेले जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये स्थापत्यशिल्प शिकवायला रुजू झाले. आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावरची उठावशिल्पं त्यांची. पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या, १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या बोरीबंदरच्या स्थानकाचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, बरंचसं कोरीव काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं.

तिथे तिकीटघराच्या दालनात जा. गर्दी कमी असेल अशी वेळ निवडा, एका खांबाशी उभे राहा आणि वरचेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. कोपऱ्याखाली काय आहे? देठ कुठून फुटतो? पान ओळखीचं आहे का? पानांत लपलेले प्राणी-पक्षी नंतर मोजा.

मग ओव्हल मैदानावर या. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाची इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची, शेजारचं उच्च न्यायालय जेम्स फुलर यांचं, दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाली. दोन्हींची तोंडं पश्चिमेला आहेत. दुपार कलायला लागते तेव्हा ऊन दर्शनी भिंतींना घासत येतं, आणि मैदानातून दुर्बिणीने प्रत्येक पान सुटं दिसतं. संध्याकाळी पाचला हेच दृश्य सोनेरी आणि सपाट होतं: फोटोला छान, अभ्यासाला निरुपयोगी. आत जायला आणि फोटो काढायला बंधनं आहेत, ती पाळा.

इथे दगडाकडेही पाहा. भिंती पुष्कळदा बेसॉल्टच्या किंवा मालाडच्या पिवळ्या दगडाच्या, पण बारीक कोरीव काम अनेकदा पोरबंदरच्या फिकट, मऊ चुनखडकात केलेलं. बेसॉल्टमध्ये कोरता येत नाही असं कोण म्हणेल, वेरूळ आपल्याच राज्यात आहे. पण पानाची पातळ कड आणि मागची पोकळी काढायला मऊ, एकजिनसी दगड फार सोयीचा. त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते: शेवाळ, काळपट थर आणि गळून पडलेली टोकं.

शेवटची पायरी: वही आणि शाडू

फोटो कितीही काढा, पण एक पान पेन्सिलने काढल्याशिवाय तिथून निघू नका. आधी देठाची रेषा, मग मधली शीर, मग सावल्यांचे काळे डाग, आणि सर्वांत शेवटी कड. कडेपासून सुरुवात केली की चित्र सपाट होतं.

घरी आलात की मूठभर शाडू घ्या. वीतभर उंचीचा, वर रुंद होत जाणारा घंटेसारखा गोळा करा, त्याच्या माथ्यावर चौकोनी पुठ्ठा ठेवा आणि एका कोपऱ्याखाली क्रॉकेट घडवा. वेगळं पान करून चिकटवू नका. दगडात काही चिकटवता येत नाही, म्हणून गोळ्यातच जास्तीची माती ठेवा आणि ती काढत काढत पान मोकळं करा. शाडू चामड्याइतका घट्ट झाला की बारीक सुरीने पानाच्या मागची माती पोखरा. एका टप्प्यावर पान मोडेल. कुठे मोडलं ते पाहा आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली तिथे थोडी माती राखून पुन्हा करा. मग टेबलावरचा दिवा बाजूला ठेवून सावली पाहा, आणि पुढच्या वेळी खऱ्या स्तंभशीर्षासमोर उभे राहाल तेव्हा पानाच्या वळलेल्या टोकामागे, खालून सहज न दिसणाऱ्या जागी, पाथरवटाने दगडाचा तसाच छोटा पूल राखला आहे का ते शोधा.